तीन दात डावीकडे

आमच्या कार्यशाळेत त्या इंजिनाला सगळे म्हातारी म्हणतात. मलाही म्हणतात, फक्त माझ्या पाठीमागे. इंजिन एकेचाळीस वर्षांचं आणि मी चौपन्न वर्षांची, तेव्हा मान माझाच मोठा. लढाऊ विमानांतून उतरवलेली ही इंजिनं खोलायची, धुवायची, तपासायची, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जोडायची, हे काम मी एकोणतीस वर्षं करते आहे. जोडणी झाली की कार्डावर माझा शिक्का पडतो. तोंडावर सगळे मला बाई म्हणतात, आणि बाईंच्या हाताला गुण आहे असंही म्हणतात. हे दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही असं दाखवते आणि दिवसभर मनात घोळवत राहते.

दोन वर्षांपूर्वी वायुदलानं ठरवलं की म्हातारीला घरी पाठवायचं नाही, तरुण करायचं. विमानांचे सांगाडे अजून धडधाकट होते, थकत होतं ते इंजिन. मग बेत असा ठरला: इंधन जिथं जळतं ती भट्टी नवी बसवायची, इंधन मोजून सोडणारी जुनी यंत्रणा काढून तिथं इलेक्ट्रॉनिक घालायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं, टर्बाइनची पाती बदलायची. जळता वायू या पात्यांवर आदळतो तेव्हा टर्बाइन फिरतं. जुनी पाती त्या आगीत पाचशे तासांत दमायची, नवी हजार तास टिकणार होती. एक इंजिन नमुना म्हणून असं बदलायचं आणि टेस्ट बेडवर बांधून चालवून बघायचं. पास झालं तर उरलेली अठ्ठेचाळीसही बदलून आणखी बारा वर्षं उडवायची. नापास झालं तर विमानं भंगारात, आणि आम्ही गाशा गुंडाळून घरी.

मी इतकी हरखले होते की सांगता सोय नाही. इतकी वर्षं फक्त झिजलेलं पुसत आले, आता पहिल्यांदा काहीतरी नवं हाताला लागणार होतं. त्यात भर म्हणजे ही नवी पाती आखली होती माझ्या सुनेनं.

हा योग मी जुळवून आणलेला नाही. मुलानं लग्नाआधी सांगितलं की मुलगी डिझाइनमध्ये आहे. मला वाटलं, कपड्यांच्या. पहिल्या भेटीत मी तिला पडद्यांच्या रंगाबद्दल विचारलं आणि तिनं मला विचारलं की तुमच्याकडे टर्बाइनच्या पात्यांची टोकं किती तासांत झिजतात. त्या दिवसापासून आमच्या घरात मुलाला कुणी विचारत नाही. तो म्हणतो, या घरात दोन इंजिनं आहेत आणि बंद करायचं बटण एकालाही नाही. कामावर मात्र ती डिझाइनची आणि मी जोडणीची, आणि ही दोन खाती जगात कुठं गुण्यागोविंदानं नांदत असतील असं मला वाटत नाही. मी तिच्या ड्रॉइंगमध्ये चुका काढायचे, ती माझ्या आवाजात. घरी येताना एकाच गाडीत बसून तेच भांडण पुढे चालू ठेवायचो. मला तर ते दिवस संपूच नयेत असं वाटायचं.

नवी पाती बसवलेलं इंजिन पहिल्यांदा टेस्ट बेडवर चढवलं तेव्हा ते थरथरलं. आम्ही खोललं, बेअरिंग बदललं, पुन्हा जोडलं. दुसऱ्या चाचणीला मी काचेमागे, चाचणी घेणाऱ्याच्या खांद्याशी उभी होते. त्याला आम्ही कानसेन म्हणतो, कारण काटा हलायच्या आधी त्याचा कान हलतो. साठ टक्के वेग, सत्तर, ऐंशी. म्हातारी अशी गुरगुरत होती की माझ्या दातांत गुदगुल्या व्हायला लागल्या. ब्याऐंशीवर कानसेननं मान तिरकी केली. चौऱ्याऐंशीवर कंपनाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि त्यानं न विचारता वेग उतरवला. सून माझ्या शेजारी होती. तिनं वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि वही मिटली.

वायुदलानं नेमलेल्या समितीनं तिसरी संधी दिली आणि ती शेवटची असं बजावलं. तीन आठवडे आम्ही जिवाचं रान केलं. सेन्सर बदलले, नळ्या तपासल्या, बेडचे बोल्टसुद्धा पुन्हा आवळले. काही सापडलं नाही.

समिती यायच्या दोन दिवस आधी सून संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसली. मुलगा ताटं वाढत होता. तिनं एकेक ओळ मला वाचून दाखवली. बेअरिंग नवं, त्याच्यावर फुली. सेन्सर नवे, फुली. भट्टी वेगळी चालवून बघितली, फुली.

"जोडणी तुमच्या हातची," ती म्हणाली, "म्हणजे ती बघायलाच नको. मग उरलं काय, आई? माझी पाती."

खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की तिच्या चेहऱ्याकडे बघायचं राहूनच गेलं. डिझाइनवाल्यांच्या तोंडून जोडणीबद्दल असं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. ती पुढे बोलत होती. समितीला सांगणार होती की नवी पाती मागे घेते, तिसरी चाचणी जुन्या पात्यांवर करा. म्हणजे म्हातारीचं आयुष्य पुन्हा पाचशे तासांवर, आणि तिच्याकडचं गटाचं प्रमुखपद दुसऱ्या कुणाला. तसं पत्रही तिनं लिहून ठेवलं होतं. मी तिला म्हटलं, इतक्यात हातपाय गाळू नकोस, उद्या मी अजून एकदा नव्यानं जोडते, मग बघू. ती हसली, पण ते माझ्यासाठी हसणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मामा जोडणीला लागलो. मामा म्हणजे कुणाचाच मामा नाही, बावीस वर्षं माझ्याबरोबर काम करणारा फिटर. त्याचं अर्धं आयुष्य वजन उचलणाऱ्या हॉइस्टची साखळी धरण्यात गेलं आहे.

इथं थोडं समजावून सांगते, कारण सगळी गोष्ट या एका जागेवर उभी आहे. इंजिनात फिरणारे दोन मोठे भाग असतात, पुढे हवा दाबणारा कॉम्प्रेसर आणि मागे टर्बाइन. कितीही नीट घडवा, प्रत्येकाची एक बाजू केसभर जड राहतेच. म्हणून दोन्ही भाग मशीनवर फिरवून बघतात, आणि कॉम्प्रेसरच्या जड बाजूला नि टर्बाइनच्या हलक्या बाजूला पिवळी खूण करतात. दोघांच्या तोंडाला छत्तीस छत्तीस दात असतात. जोडताना खुणेला खूण भिडवून ते दात एकमेकांत बसवायचे, की एकाचा जडपणा दुसऱ्याचा हलकेपणा खाऊन टाकतो आणि इंजिन गुमान फिरतं.

मामानं साखळी सोडली. टांगलेलं टर्बाइन कॉम्प्रेसरच्या तोंडाशी आलं. मी खुणेला खूण आणली आणि दोन्ही हातांनी टर्बाइन फिरवायला लागले. मामा नेहमीसारखा मोजत होता. एक, दोन, तीन, बस. तेवढ्यात टर्बाइनला बांधलेलं कार्ड माझ्या मनगटाला कापलं. आमची जुनी कार्डं जाड पुठ्ठ्याची, तेलानं मऊ झालेली असतात. हे प्लास्टिकचं होतं, कोऱ्या कडेचं. मी चिडून ते बाजूला सारलं आणि सारता सारता वाचलं. त्यावर छापलं होतं: नवीन बॅलन्सिंग मशीन.

माझे हात टर्बाइनवर होते तिथेच राहिले. मामानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मामा, आपण आत्ता तीन दात का फिरवलं?

"नेहमी फिरवतो म्हणून," मामा म्हणाला.

बावीस वर्षांपूर्वी कार्यशाळा एका इमारतीतून दुसरीत हलवली. त्या धांदलीत टर्बाइन तपासायच्या मशीनची तबकडी उतरवून पुन्हा लावली गेली, ती जरा तिरकी. त्यानंतर मशीन जी हलकी बाजू दाखवायचं ती खरी नसायची, शेजारची असायची. त्या वर्षी जोडलेलं प्रत्येक इंजिन थरथरायला लागलं. दुरुस्तीचा माणूस आठ महिन्यांनी येणार होता आणि तळावर विमानं हातावर हात ठेवून बसली होती. मी तेव्हा बत्तीस वर्षांची, नाकावर राग आणि अंगात रग. मी चंग बांधला. एक इंजिन सहा वेळा खोललं, सहा वेळा जोडलं, दर वेळी टर्बाइन थोडं थोडं फिरवून. तीन दात डावीकडे बसवल्यावर ते असं शांत चाललं की कानसेननं, तेव्हा त्याचे केस काळे होते, मला चक्क वाकून नमस्कार केला. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की बाईंच्या हाताला गुण आहे.

दुरुस्तीचा माणूस शेवटपर्यंत आलाच नाही आणि मीही कुणाला आठवण केली नाही. लिहून कळवलं असतं तर मशीन बाद झालं असतं आणि काम ठप्प. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज सांगते, मला ते गुपित आवडायचं. नव्या फिटरांना मी तीन दात शिकवले, ते का, हे शिकवलं नाही. कार्डावर छापलेलं होतं, खुणेला खूण भिडवली, आणि त्याखाली मी बावीस वर्षं शिक्का मारत गेले. मधली काही वर्षं मशीन बंद होतं तेव्हा बाहेरून तपासून आलेली टर्बाइनं मी सरळ बसवायचे, पण त्यालाही बरीच वर्षं झाली, आणि पुढे पुढे तर मला स्वतःलाही ते आठवेनासं झालं. हात आपोआप फिरायचा.

आणि आता सुनेच्या गटानं नव्या पात्यांसाठी नवं मशीन आणलं होतं. त्याची तबकडी सरळ होती. त्यानं केलेली खूण खरी होती. ती खरी खूण मी दोन वेळा, माझ्या गुणी हातानं, तीन दात चुकीच्या जागी नेऊन बसवली होती.

मी स्टुलावर बसलेच. मामाच्याही लक्षात आलं, तो काही खुळा नाही. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आता सरळ लावू. चालेल बघा मस्त. सूनबाईंचं नाव होईल, म्हातारी वाचेल, तुमचंही झाकलं राहील. कुणाला कळणार आहे?"

मी लगेच नाही म्हटलं असं सांगायला मला आवडेल. मी लगेच नाही म्हटलं नाही. चहा थंड होईल इतका वेळ मी त्या स्टुलावर बसून मामाचं बोलणं सगळीकडून चाचपून बघत होते, आणि ते मला फार गोड लागत होतं. खरंच कुणाला कळलं नसतं. सून खूष, मुलगा खूष, कार्यशाळेचे साहेब खूष. पुढच्या वर्षी उरलेली अठ्ठेचाळीस इंजिनं नवी पाती घालून घ्यायला येणार. ती फक्त आमच्याकडे येणार नव्हती, आणखी दोन कार्यशाळांत जाणार होती. तिथले फिटर कुणी शिकवले? मी. नव्या मशीनची सरळ खूण आणि माझे तीन दात, असं काहीतरी तिथं रोज जोडलं जाणार होतं. बेडवर थरथरलं तर ठीक, काच असते, कानसेन असतो. पण एखादं काठावर पास होऊन आकाशात गेलं आणि तिथं थरथरलं, तर त्याला एकच इंजिन असतं आणि आत एक माणूस असतो.

मी उठले. आधी टर्बाइन तीन दात मागे आणलं, खुणेला खूण भिडवली आणि मामाला म्हटलं, दात बसव, पण कार्डाला हात लावू नकोस, त्यावर माझा शिक्का पडणार नाही. तो म्हणाला, बाई, विचार करा. मी त्याला म्हटलं की विचारच करत होते, म्हणून तर उशीर झाला.

साहेबांच्या खोलीत सून बसली होती. दोघं उद्या समितीपुढे काय बोलायचं ते ठरवत होते आणि तिचं ते पत्र टेबलावर मधोमध पडलं होतं. मी दार ढकलून आत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तबकडीपासून आजच्या सकाळपर्यंत. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. सून माझ्याकडे बघत होती, पण मला दिसत होतं की ती मला बघत नाहीये, आकडे बघते आहे.

"छत्तीसातले तीन?" तिनं विचारलं.

"छत्तीसातले तीन."

"म्हणजे तीस अंश." तिनं स्वतःचंच पत्र उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर भराभर लिहायला लागली. पेन्सिल मोडली, तिनं साहेबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. साहेबांनी ते घेऊ दिलं. उत्तर आलं तेव्हा तिनं वही उघडून चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवले, आणि तिच्या गालांवर रंग चढत गेलेला मी बघितला.

"जेवढी थरथर मोजली तेवढीच येते," ती म्हणाली. "तंतोतंत येते, आई. पाती चांगली आहेत."

मग पेन खाली ठेवलं आणि मला खरंच बघितलं.

"तीन आठवडे मी स्वतःला शिव्या घालते आहे. आणि तुम्ही माझ्या समोर बसून जेवत होतात."

"मला माहीत नव्हतं गं."

"तेच तर," ती म्हणाली.

साहेबांनी हळूच विचारलं, लेखी द्याल का. मी म्हटलं, कागद द्या. मी लिहीत असताना त्यांनी नियम वाचून दाखवला: चौकशी पूर्ण होईपर्यंत शिक्का जमा करायचा, कुठल्याही जोडणीवर सही करायची नाही, चाचणीच्या इमारतीत पाऊल ठेवायचं नाही. मी शिक्का त्यांच्या टेबलावर ठेवला. खिसा इतका हलका झाला की चालताना मी दोनदा तो चाचपला. जोडणी दुसऱ्या निरीक्षकाला बोलावून पुन्हा तपासली गेली आणि शिक्का त्याचा पडला. त्या रात्री घरी मुलानं आम्हा दोघींना वाढताना उगाच हवामानावर गप्पा मारल्या.

समिती सकाळी दहाला आली. अध्यक्ष वायुदलातल्या एक अधिकारी बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला असं मला नंतर कळलं. वाचून त्या एवढंच म्हणाल्या, चालवून दाखवा. तीन तास, न थांबता, सगळ्या वेगांतून.

मी इमारतीच्या बाहेर सायकली लावायच्या जागेजवळ पायरीवर बसले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा म्हातारी चालू होणार होती आणि मी काचेमागे नव्हते. मुलाच्या परीक्षेला शाळेच्या फाटकाबाहेर बसायचे तेव्हा जीव असाच टांगणीला लागायचा, फरक इतकाच की तेव्हा पेपर मी लिहिलेला नसायचा. सुरुवातीचा शिट्टीसारखा आवाज आला. मग इंधन पेटल्याचा तो खोल हुंकार, जो मी झोपेतही ओळखेन. मी उठून भिंतीला पाठ लावली.

वेग वाढत गेला तसा भिंतीतून तो माझ्या पाठीत उतरत गेला. साठ. मला काटा दिसत नव्हता, पण मला काट्याची गरज नव्हती. सत्तर. सायकलींच्या घंट्या आपोआप किणकिणायला लागल्या. ऐंशी आलं आणि माझ्या दोन्ही मुठी आवळल्या गेल्या. इथून पुढे ती दोनदा थरथरली होती. ब्याऐंशी. आता कानसेन मान तिरकी करेल. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी, आणि पाठीला काहीच लागलं नाही. म्हातारी नुसती वर चढत होती, एका सुरात, ताणून धरलेल्या तारेसारखी. पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव. पूर्ण वेगाला आवाज इतका भरून आला की समोरच्या झाडावरचे पक्षी उठले, आणि मी एकटी त्या भिंतीला टेकून हसत होते आणि रडतही होते, आणि दोन्ही कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

ती खाली आली, पुन्हा वर गेली. पुन्हा खाली, पुन्हा वर. दर वेळी चौऱ्याऐंशीला माझ्या मुठी आवळायच्या आणि दर वेळी ती तिथून न अडखळता निघून जायची. दीड तासानं इमारतीचं दार उघडलं आणि सून धावत आली. कानावरची टोपणं गळ्यात, हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा. मी विचारलं, काटा कुठं आहे.

"हिरव्यात. इतका खाली की अध्यक्षबाईंनी दोनदा विचारलं, काटा बंद तर नाही ना."

मी तिला मिठी मारणार होते, पण तिनं कागद पुढे केले आणि तिचा चेहरा कामाचा झाला. तिनं सांगितलं की चाचणी अशीच पार पडली तर समिती मंजुरी द्यायला तयार आहे, पण एका अटीवर. जुनी बरीच टर्बाइनं तिरक्या खुणांची आहेत, ती नव्या पात्यांसाठी येतील तेव्हा कुठली खूण खरी आणि कुठली खोटी हे आधीच माहीत हवं. मधली काही वर्षं आपलं मशीन बंद होतं, तेव्हा टर्बाइनं दुसरीकडे तपासायला जायची, म्हणजे त्यांच्या खुणा सरळ. ती नंतर आपल्याकडे आली की त्यांना तीन दात लागत नव्हते. आणि सगळ्या कार्डांवर तर एकच वाक्य आहे, खुणेला खूण. कागदावर हे कुठंच नाही. आज संध्याकाळपर्यंत यादी मिळाली तर अठ्ठेचाळीसही इंजिनांना मंजुरी, नाही तर सगळी खोलून तपासल्याशिवाय नाही, आणि तेवढा वेळ कुणाकडेच नाही.

"तुम्हाला आठवतं का, आई? कुठल्या इंजिनाला तीन आणि कुठल्याला नाही?"

मी तिच्याकडे बघितलं. माझी चौकशी व्हायची तेव्हा होईल, शिक्का परत मिळेल किंवा मिळणार नाही. पण या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या जगात एका डोक्यात होतं आणि ते डोकं या पायरीवर बसलं होतं.

"लिही," मी म्हटलं. "एकशे सात, तीन. एकशे नऊ, तीन. एकशे अकरा सरळ, ते तेव्हा बाहेर गेलं होतं, परत आलं तर त्याचं खोकं भिजलं होतं. एकशे बारा, तीन."

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली, गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहायला लागली. मी डोळे मिटून सांगत होते. प्रत्येक आकड्याबरोबर ते इंजिन माझ्यासमोर येत होतं, कुणाचा बोल्ट अडला होता, कुणाच्या भट्टीला तडा गेला होता, कुणाला जोडताना मामाला ताप होता. तिनं मध्येच थांबवून विचारलं, एखादं चुकत तर नाही ना. मी म्हटलं, ज्या हातानं फिरवलं तो हात माझा आहे, चुकेन कशी. ती माझ्याकडे जरा सरकून बसली.

एकशे तेविसापर्यंत आलो आणि आत कानसेननं म्हातारीला पुन्हा पूर्ण वेगाला नेलं. भिंत, पायरी, सायकली, आम्ही दोघी, सगळं त्या आवाजानं भरून गेलं आणि माझं बोलणं तिला ऐकू येईना. मग मी तिच्या गळ्यात हात टाकला, तिच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून एकेक इंजिन सांगत राहिले, तीन, तीन, सरळ, तीन, आणि ती मान हलवत लिहीत राहिली. आयुष्यात इतक्या आनंदानं मी माझी चूक कुणाला मोजून दिली नव्हती.